बी.एड. नसताना परदेशात अध्यापन : कोल्हापुरातील भौतिकशास्त्राच्या एका शिक्षिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील शिक्षिकेचे नाव आणि त्या आज जेथे शिकवतात ती शाळा येथे मुद्दाम दिलेली नाही. क्लासमधील मुले त्यांना ‘मॅडम’ म्हणत, म्हणून पुढेही त्यांचा उल्लेख तसाच केला आहे. मी महाविद्यालयातून निवृत्त झालेला शिक्षक आहे. मॅडमच्या वडिलांशी जुनी ओळख असल्यामुळे सप्टेंबर २०२४ मध्ये त्या कागदपत्रांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. त्याआधीची हकिकत त्यांनी सांगितली तशी आणि कागदांवरून लिहिली आहे. त्यानंतरचे बहुतेक सारे माझ्यासमोर घडले.

मॅडमचे दहावीपर्यंतचे शिक्षण कोल्हापुरात मराठी माध्यमातून झाले. अकरावी-बारावी विज्ञान आणि पुढे शिवाजी विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील एम.एस्सी. त्यांनी २०१८ मध्ये पूर्ण केली. निकाल लागला त्याच महिन्यात राजारामपुरीतील एका खासगी क्लासमध्ये जेईई, नीट आणि सीईटीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवण्याचे काम त्यांना मिळाले. बी.एड. करण्याचा विचार घरात झाला होता, परंतु तेव्हा तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता आणि ती दोन वर्षे मिळकतीशिवाय काढणे त्यांना शक्य नव्हते. वडील मार्केट यार्डातील गुळाच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. त्यातच ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी घरात कंबरेपर्यंत चढले, आणि दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मॅडमच्या मानधनातून जाऊ लागला. बी.एड. त्यामुळे लांबणीवर पडले ते पडलेच.

हे चित्र आपल्याकडे अपवादाचे नाही. कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला शिकवायचे तर बी.एड. लागते, त्याच अकरावी-बारावीच्या मुलांना तोच अभ्यासक्रम संध्याकाळी क्लासमध्ये शिकवायला काहीही लागत नाही. त्यामुळे उत्तम शिकवणारी, विषयावर पकड असलेली आणि हातात शिक्षकी पेशाचा एकही कागद नसलेली माणसे कोल्हापूर, सांगली, लातूर अशा शहरांच्या क्लासगल्ल्यांतून मोठ्या संख्येने दिसतात. पाच वर्षांनंतर मॅडमचे मानधन महिना ३४,००० रुपयांवर आले होते आणि पुढे ते फारसे वाढण्याची चिन्हे नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी परदेशात शिक्षकी काम शोधायला सुरुवात केली.

समस्या

पहिले नऊ महिने मॅडम एका चुकीच्या प्रश्नाचे उत्तर शोधत होत्या. ‘परदेशात शिक्षक’ म्हणजे ‘इंग्रजीचा शिक्षक’ असे त्यांनी गृहीत धरले, कारण इंटरनेटवर दिसणाऱ्या बहुतेक जाहिराती इंग्रजी शिकवण्याच्या होत्या आणि त्यांत ‘अध्यापनाची पदवी आवश्यक नाही’ असे ठळकपणे लिहिलेले असे. त्यांनी १४,५०० रुपये भरून १२० तासांचा इंग्रजी अध्यापनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला, प्रमाणपत्र मिळवले आणि चाळीसहून अधिक ठिकाणी अर्ज पाठवले. बहुतेकांनी उत्तरच दिले नाही. ज्यांनी दिले त्यांतील एका संस्थेने एका ओळीत कळवले, की अर्जदाराचा पासपोर्ट त्यांच्या यादीतील देशाचा नाही.

ही यादी संस्थेच्या लहरीवर ठरलेली नसते. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकाला ‘ई-२’ प्रकारचा व्हिसा लागतो, आणि इंग्रजीसाठी तो साधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारताबरोबरच्या आर्थिक करारामुळे भारतीय शिक्षकांसाठी एक वेगळी वाट आहे, पण त्या वाटेवर अध्यापनाची पात्रता मागितली जाते. जपानमध्ये भाषाशिक्षकाचे स्वतःचे किमान बारा वर्षांचे शिक्षण त्या भाषेतून झालेले असावे लागते. मराठी शाळेत शिकलेल्या मॅडमना ही अट कोणत्याही प्रमाणपत्राने भरून काढता येणार नव्हती. चौदा हजारांचे प्रमाणपत्र ज्या दाराची किल्ली म्हणून घेतले, त्या दाराला त्यांच्यापुरते कुलूपच दुसरे होते.

माझ्याकडे आल्यावर आम्ही प्रथम एक साधे काम केले. ‘बी.एड. नाही’ या एका वाक्यात तीन वेगळे अडथळे एकमेकांत मिसळले होते, ते सुटे केले. पहिला अडथळा त्या देशाच्या सरकारचा, म्हणजे व्हिसा आणि काम करण्याचा परवाना. दुसरा तेथील शिक्षक परिषदेचा, म्हणजे वर्गात उभे राहण्याचा परवाना. काही देशांत तो लागतो, काही देशांत लागत नाही. तिसरा शाळेच्या पसंतीचा. बी.एड. नसण्याचा परिणाम या तिन्ही ठिकाणी सारखा होत नाही आणि प्रत्येक देशात त्यांचा क्रमही निराळा असतो. याखेरीज एक चौथी अडचण होती. ती मॅडमच्याही लक्षात आली नव्हती, आणि शेवटी सर्वांत जास्त वेळ तिनेच खाल्ला : सहा वर्षे शिकवल्याचा कोणताही धड पुरावा त्यांच्याजवळ नव्हता.

एजंटचा प्रस्ताव

आमची भेट होण्याच्या तीन आठवडे आधी एक प्रस्ताव त्यांच्यासमोर आला होता आणि खरे तर त्याबद्दल विचारायलाच त्या आल्या होत्या. ओळखीतून भेटलेल्या एका एजंटने बँकॉकमधील आंतरराष्ट्रीय शाळेत विज्ञान शिक्षिकेची जागा देऊ केली होती. पगार महिना ६०,००० बाट, राहणे-जेवण फुकट आणि एजंटचे शुल्क १,७५,००० रुपये, त्यांतील निम्मे रोख. ‘बी.एड.चं काही विचारू नका मॅडम, तिकडं कोण बघत नाही. आता व्हिसाबी लागत नाही,’ असे त्याने सांगितले होते. व्हिसाबद्दलचे अर्धे वाक्य खरे होते. १५ जुलै २०२४ पासून थायलंडने भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय प्रवेश दिला होता. पण तो प्रवेश मुख्यतः पर्यटनासाठी होता. त्यावर नोकरी करता येत नाही. आत गेल्यावर व्हिसाचा प्रकार बदलून घेण्याची सोय असते, परंतु त्यासाठी शाळेने दिलेले कागद लागतात, आणि कागद देणारी शाळा ते आधीही पाठवू शकते.

मॅडमनी तोपर्यंत १०,००० रुपये आगाऊ दिले होते आणि पासपोर्टची छायाप्रतही दिली होती. मी त्यांना मुलाखतीबद्दल विचारले. ती दहा मिनिटे फोनवर झाली होती. भौतिकशास्त्राचा एकही प्रश्न आला नव्हता. टंकलेखनाचा वेग मात्र दोनदा विचारला गेला होता. नेमणुकीच्या पत्रावर शाळेचा पत्ता बँकॉकचा होता, पण विमानतळावरून ‘कॅम्पस’वर नेण्यासाठी गाडी येईल असे सांगताना एजंटने मे सोत हे नाव घेतले होते. आम्ही नकाशा उघडला. मे सोत बँकॉकपासून शेकडो किलोमीटर दूर, म्यानमारच्या सीमेवर आहे, नदीपलीकडे म्यावाडी. परदेशात नोकरीच्या नावाने बोलावलेल्या तरुणांना याच पट्ट्यातून पलीकडे नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या केंद्रांत डांबल्याच्या घटनांनंतर परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच सावधगिरीचा इशारा दिला होता. पुढे मार्च २०२५ मध्ये अशा केंद्रांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मे सोत येथूनच परत आणण्यात आले. त्या बातमीच्या दिवशी मॅडमचा फोन आला होता. आम्ही दोघेही फार काही बोललो नाही.

तो एजंट नेमका कोण होता हे आजही सिद्ध झालेले नाही आणि मी येथे तसा दावा करत नाही. निर्णयासाठी एवढ्या सिद्धतेची गरजही नव्हती. परदेशातील नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते, नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर पाहता येते आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी आहे. या व्यक्तीचे नाव यादीत सापडले नाही, मागितलेली रक्कम मर्यादेच्या जवळपास पाचपट होती आणि पावती मिळणार नव्हती.

मॅडम तरीही दोन दिवस द्विधा मनःस्थितीत होत्या, हे नोंदवले पाहिजे. नऊ महिन्यांत ‘हो’ म्हणणारा तो एकमेव माणूस होता, आणि सतत नकार ऐकलेल्याला असा होकार सोडवत नाही. प्रश्न मिटवला तो वडिलांनी. पन्नास वर्षे गुळाच्या बाजारात काढलेल्या त्या माणसाने नकाशा पाहिला नाही की कायदा ऐकला नाही. ‘जो अडत्या पट्टी देत न्हाई, त्याच्या दारात माल उतरायचा न्हाई,’ एवढेच म्हणाले. शेतकऱ्याला मालाचा हिशोब लिहून दिला जातो ती पट्टी. दहा हजार रुपये बुडाले, ते अद्याप परत मिळालेले नाहीत.

विचारात घेतलेले पर्याय

यानंतर आम्ही शोधाची दिशा बदलली. मॅडमचे बळ इंग्रजीत नव्हते, भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीत आणि सहा वर्षांच्या शिकवण्यात होते. इंग्रजीच्या शिक्षकाला पासपोर्टचा रंग विचारणारे देशही विज्ञानाच्या शिक्षकाला बहुधा पदवी विचारतात. तेव्हा ‘इंग्रजीतून विज्ञान शिकवणारी शिक्षिका’ असा अर्ज करायचे ठरले आणि त्या नजरेने एकेक देश पुन्हा तपासला.

आखाती देशांतील भारतीय शाळा हा सर्वांना प्रथम सुचणारा पर्याय होता. अभ्यासक्रम ओळखीचा, आसपास मराठी माणसे, विमान तीन-चार तासांचे. पण बी.एड.ची अट सर्वांत कडक येथेच निघाली. सीबीएसईशी संलग्न शाळा परदेशात असली तरी शिक्षकांच्या पात्रतेबाबत मंडळाचे नियम तिला लागू असतात, आणि मंडळ बोट दाखवते ते राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या निकषांकडे. त्यांत उच्च माध्यमिक वर्गांसाठी पदव्युत्तर पदवीबरोबर बी.एड. आहेच. अभ्यासक्रम जितका घरचा, तितकी घरचीच अट पाठ सोडत नाही, हे मॅडमना तेव्हा जरा गमतीचे आणि बरेचसे कडू वाटले.

ब्रिटनचा विचार अधिक गंभीरपणे झाला. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह आणखी काही देशांतील शिक्षकांना तेथील ‘पात्र शिक्षक’ दर्जासाठी थेट अर्ज करता येऊ लागला आहे आणि विज्ञानाच्या शिक्षकांना त्यात स्थान आहे. पण अर्जदाराने आपल्या देशातील शिक्षक प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे लागते. म्हणजे पुन्हा बी.एड. दुसरी वाट होती तेथेच जाऊन एका वर्षाचे शिक्षक प्रशिक्षण घेण्याची. भौतिकशास्त्राचे शिक्षक तेथे कमी पडतात, त्यामुळे २०२४-२५ या वर्षासाठी या विषयाच्या प्रशिक्षणार्थींना, परदेशी विद्यार्थी धरून, २८,००० पौंडांचे साहाय्य उपलब्ध होते. आकडा पाहून घरात एक संध्याकाळ आनंदात गेली. मग बारकावे पाहिले. साहाय्य मिळते ते अभ्यासक्रम सुरू झाल्यावर, महिन्यामागून महिना. विद्यापीठाचे शुल्क, विमानभाडे आणि व्हिसासाठी खात्यात सलग २८ दिवस दाखवायची रक्कम मात्र आधी उभी करावी लागते. पुराच्या कर्जाची दोन वर्षे शिल्लक असताना दुसरे कर्ज काढण्यास मॅडम तयार झाल्या नाहीत. हा पर्याय नाकारला नाही, पुढे ढकलला.

व्हिएतनाममधून मध्यंतरी एका भाषा केंद्राचा होकार आला. तेथे त्या वेळच्या नियमानुसार ‘तज्ज्ञ’ म्हणून काम करण्याचा परवाना मिळवण्यासाठी पदवी आणि त्या क्षेत्रातील तीन वर्षांचा अनुभव सिद्ध करावा लागे. पण काम इंग्रजी शिकवण्याचे होते आणि त्याच केंद्रातील गोऱ्या शिक्षकांच्या तुलनेत देऊ केलेले वेतन बरेच कमी होते. मॅडमनी ते सोडले.

राहिला थायलंड. ज्या देशाच्या नावाने फसगत होता होता टळली, तोच देश सरळ मार्गाने सर्वांत मोकळा निघाला. तेथील अनेक शाळांत ‘इंग्लिश प्रोग्रॅम’ असतो आणि त्यात विज्ञान व गणित इंग्रजीतून शिकवले जाते. शिक्षक परिषद, म्हणजे कुरुसफा, अध्यापनाची पदवी नसलेल्या परदेशी शिक्षकाला शाळेच्या अर्जावरून दोन वर्षांची तात्पुरती परवानगी देते. नॉन-इमिग्रंट ‘बी’ व्हिसा आणि काम करण्याचा परवाना शाळेच्या कागदांवर मिळतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा मानली जात नाही अशा देशांतील शिक्षकांकडून इंग्रजीच्या चाचणीचा निकाल मागितला जातो. मॅडमनी पुण्याला जाऊन आयईएलटीएस दिली आणि ७ गुण मिळवले. शाळांचे वर्ष मेच्या मध्यावर सुरू होते, त्यामुळे भरतीचा मुख्य हंगाम मार्च-एप्रिल. आमच्या हातात ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे पाच महिने होते.

‘येथे राहून बी.एड.च का करू नये?’ हा पर्याय मी स्वतः दोनदा मांडला. मॅडमचे उत्तर असे, की दोन वर्षांनी त्या एकतीस वर्षांच्या असतील, हातात पदवी असेल आणि अनुभवात दोन वर्षांचा खंड पडलेला असेल. मला ते तेव्हा पटले नव्हते, आजही पूर्णपणे पटलेले नाही.

केलेली कार्यवाही

सर्वांत कठीण कागद घराजवळच अडला होता. क्लासच्या संचालकांकडे, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, मॅडमनी अनुभवाचा दाखला मागितला. सर मनाने वाईट नाहीत. पण सहा वर्षे नोकरीत असल्याचे लिहून दिले तर भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न निघेल ही एक धास्ती, आणि परीक्षांच्या तोंडावर भौतिकशास्त्राचा शिक्षक जाईल ही दुसरी. महिनाभर ‘बघू, देऊ’ चालले. मग सरांनीच एक तोड सुचवली : मित्राच्या संस्थेची शाळा आहे, तिच्या लेटरहेडवर तीन वर्षे माध्यमिक शिक्षिका म्हणून काम केल्याचे पत्र आणून देतो. परदेशी शाळेला क्लासपेक्षा शाळेचा अनुभव बरा दिसेल, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पत्र मात्र खोटे असणार होते.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील हा खरा निर्णायक क्षण आहे, एजंटला नकार देण्यापेक्षाही. एजंटच्या बाबतीत भीती मदतीला होती. येथे सगळी माणसे ओळखीची, आपुलकीने बोलणारी आणि ‘एवढं चालतं’ असे मनापासून मानणारी होती. मॅडमनी पत्र घेतले नाही. बनावट अनुभवपत्र पडताळणीत उघडे पडले तर परवानगी रद्द होऊन पुढची दारे कायमची बंद होऊ शकतात, हे कारण त्यांनी सरांना सांगितले. मला त्यांनी दुसरे सांगितले. त्या शाळेत कोणता वर्ग शिकवला असे कोणी विचारले, तर त्यांना एका मुलाचेही नाव सांगता आले नसते.

वाट निघाली ती आयकराच्या कागदांतून. सर मॅडमना पगार देत नसत, व्यावसायिक मानधन देत, आणि त्यावर कलम १९४-जे खाली दहा टक्के कर कापून भरत. मॅडमच्या पॅनवरील २६ एएस विवरणपत्रात २०१९-२० पासून प्रत्येक वर्षी क्लासने कापलेला कर दिसत होता. पहिले वर्ष रोखीचे असल्यामुळे त्यात नव्हते, ते सोडून द्यावे लागले. ही विवरणपत्रे, बँकेचे उतारे आणि क्लासचे नोंदणीपत्र असा संच तयार झाल्यावर सरांनीही मानधन तत्त्वावरील अध्यापक म्हणून केलेल्या कामाचा, विषय आणि आठवड्याचे तास नमूद करणारा दाखला दिला. ‘नोकरी’ हा शब्द त्यात नव्हता, त्यामुळे त्यांची धास्तीही गेली. सहापैकी पाच वर्षे कागदावर आली.

दुसरा खोळंबा नावाचा. पदवी प्रमाणपत्रावर आडनाव, नाव, वडिलांचे नाव असा क्रम. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचे नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. दहावीच्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे. आपल्याला यात काही वावगे दिसत नाही, परदेशी कारकुनाला मात्र तीन माणसे दिसतात. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलाजवळ नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोंदवले. विद्यापीठाकडून पदवी पडताळणीचे पत्र यायला पाच आठवडे लागले. पोलीस चारित्र्य दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत तुलनेने लवकर मिळाला. पदवीचे साक्षांकन आधी राज्य सरकारच्या पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी थायलंडच्या वकिलातीकडून, या क्रमानेच करावे लागते. ही साखळी फेब्रुवारीच्या मध्यावर पूर्ण झाली.

कागद जुळले तरी पहिली मुलाखत फसली, आणि ती कागदांमुळे फसली नाही. ऑनलाइन नमुना पाठात मॅडमनी वीस मिनिटांत उत्प्लावक बलाचे सूत्र सिद्ध करून दाखवले आणि सीईटीला आलेले दोन प्रश्न सोडवले. शाळेच्या विभागप्रमुखांनी शेवटी एवढेच विचारले, की या वीस मिनिटांत मुले काय करत असतील. मॅडमकडे उत्तर नव्हते, कारण क्लासमध्ये मुले फक्त लिहून घेत. तोवर आम्ही दोघांनीही बी.एड.कडे एक शिक्का म्हणून पाहिले होते; त्या शिक्क्यामागे एक कसब आहे आणि मॅडमकडे ते नाही, हे त्या प्रश्नाने दाखवून दिले.

मग मी त्यांना माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एका विज्ञान शिक्षिकेकडे पाठवले. बाईंनी पंधरा दिवस त्यांच्याकडून पाठ टाचणे काढून घेतली : उद्दिष्ट काय, साधन काय, शिक्षकाची कृती कोणती, विद्यार्थ्याची कृती कोणती, मूल्यमापन कसे. ‘विद्यार्थ्याची कृती’ हा रकाना रिकामा दिसला की बाई वही परत करत. पुढच्या मुलाखतीत मॅडमनी तोच धडा लिंबू, मीठ आणि पाण्याचे दोन पेले घेऊन घेतला. लिंबू साध्या पाण्यातही तरंगले आणि पाठ फसतो की काय असे क्षणभर वाटले. तेव्हा त्यांनी साल काढलेले दुसरे लिंबू टाकले, ते बुडाले, आणि असे का झाले हा प्रश्न त्यांनी समोरच्यांना विचारला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नेमणुकीचे पत्र आले.

परिणाम

मे २०२५ पासून मॅडम थायलंडमधील एका जिल्ह्याच्या गावी, खासगी शाळेच्या इंग्लिश प्रोग्रॅममध्ये, आपल्याकडील सातवी ते नववीच्या बरोबरीच्या वर्गांना विज्ञान शिकवतात. शाळेने पाठवलेल्या कागदांवर त्यांनी ई-व्हिसाचा अर्ज केला आणि ९० दिवसांच्या ‘बी’ व्हिसावर गेल्या. काम करण्याचा परवाना आणि मुक्कामाची वर्षभराची मुदतवाढ तेथे पोहोचल्यावर झाली. वेतन ३५,००० बाट आहे, म्हणजे एजंटने सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. खोलीचे भाडे आणि जेवणखाण वजा जाता त्या कर्जाचे दोन हप्ते एका महिन्यात भरू शकतात.

सगळे सुखाचे नाही. सकाळी आठला ध्वजवंदनाच्या आधी शाळेत हजर राहून फाटकावर उभे राहण्याची पाळी असते, मुलांचे इंग्रजी कच्चे आहे आणि जेईईच्या पातळीचा विषय त्यांच्या हातून सुटत चालला आहे. परत येऊन क्लासमध्ये उभे राहायचे तर या वर्षांचा उपयोग होईल की तोटा, याची त्यांना खात्री नाही. तात्पुरती परवानगी ही शेवटी तात्पुरती आहे.

काय वेगळे करता आले असते

इंग्रजी अध्यापनाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे पैसे देशांचे नियम वाचण्याआधी भरले गेले, ही पहिली चूक. त्या प्रमाणपत्राचा या प्रकरणात शेवटपर्यंत कुठेही उपयोग झाला नाही. खर्च करायचाच होता तर प्रत्यक्ष वर्गातील पाठांचे निरीक्षण होणारा केंब्रिजच्या सेल्टासारखा अभ्यासक्रम अधिक कामाचा ठरला असता; त्यात सहा तासांचे अध्यापन मूल्यमापन करणाऱ्या प्रशिक्षकांसमोर करावे लागते, म्हणजे ‘मुले काय करत होती’ हा प्रश्न मुलाखतीच्या आधीच विचारला गेला असता.

एजंटविरुद्ध तक्रार केली नाही, ही दुसरी चूक, आणि ती माझीही आहे. पोलिसांकडे किंवा मुंबईतील उत्प्रवासन संरक्षकांच्या कार्यालयाकडे अर्ज करावा असे मी सुचवले, पण ‘दहा हजारांसाठी कुठं पोलिसात जायचं’ यावर घरच्यांचे एकमत झाल्यावर मी आग्रह धरला नाही. त्याच ओळखीतून आणखी किती जणांपर्यंत तो माणूस पोहोचला असेल, याचा विचार तेव्हा व्हायला हवा होता.

अनुभवाचा पुरावा पहिल्या वर्षापासून जमा करता आला असता. क्लासमध्ये शिकवणाऱ्याने दरवर्षी जूनमध्ये एका पानाचे पत्र मागून घेतले, मानधन रोखीने घेण्याऐवजी खात्यात घेतले आणि २६ एएस उतरवून ठेवले, तर ऐन वेळी कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही. रोखीत गेलेले मॅडमचे ते एक वर्ष आता कोणत्याही परदेशी अर्जात मोजले जाणार नाही.

बी.एड.च्या प्रश्नावर मात्र मॅडम आणि मी अजून सहमत नाही. २०१८ मध्येच कर्ज काढून ते केले असते तर इंग्लंडचा थेट मार्ग आज खुला असता, असे माझे म्हणणे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात पाणी आले तेव्हा विद्यार्थिनीला कोणी कर्ज दिले नसते आणि ते दिवस त्यांच्या मानधनावर निघाले, असे त्यांचे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

परवानगीची मुदत २०२७ च्या मध्यावर संपते. त्याआधी तेथीलच विद्यापीठाची एका वर्षाची अध्यापन पदविका करायची, की साठलेल्या पैशांवर इंग्लंडच्या प्रशिक्षणासाठी अर्ज करायचा, हे त्या या पावसाळ्यापर्यंत ठरवणार आहेत. पदविकेसाठी मागितलेल्या कागदांची यादी त्यांनी मला गेल्या आठवड्यात पाठवली. त्यात पहिला कागद विद्यापीठाच्या पदवी पडताळणीचे पत्र हा आहे, आणि या वेळी तो फायलीत आधीपासून आहे.